विभक्त पालकांसाठी ॲप: वेळापत्रक, नोंदी आणि खर्चाची रचना कशी ठेवावी?

काठपदर (प्रश्न)

घटस्फोट झालेल्या पालकांना मुलाचं संगोपन मिळून करता यावं यासाठी मोबाइल ॲपचा आराखडा करतो आहोत. आधी अँड्रॉइड, फ्लटरमध्ये (ॲप बांधण्याचं साधन); मागे पोस्टग्रेस डेटाबेस. वापरणारे मुख्यतः महाराष्ट्रातले. मूल एकाकडे, दुसऱ्याला ठरावीक दिवशी ॲक्सेस (मुलाला भेटण्याची, घेऊन जाण्याची मुभा), असा नेहमीचा आदेश गृहीत धरला आहे. अवरफॅमिलीविझार्डसारखी ॲप्स अमेरिकेत २००१ पासून आहेत, पण त्यांची घडण तिथल्या न्यायालयांच्या पद्धतीवर आहे. गणपती, दिवाळी, पोटगी हे त्यात बसवायचं म्हणजे ओढाताण होते.

सध्याच्या आराखड्यात सामायिक कॅलेंडर, चॅट, खर्चाची वही, मुलाच्या फोनचं लाइव्ह लोकेशन आणि न्यायालयात देण्यासाठी पीडीएफ एवढं आहे. अडलंय ते इथे:

१. "पहिला व तिसरा शनिवार-रविवार, उन्हाळी सुट्टीचा अर्धा भाग, दिवाळी एक वर्षाआड" हे वाक्य डेटाबेसमध्ये कसं उतरवायचं?
२. चॅट पुरावा म्हणून चालावं यासाठी काय लागेल?
३. खर्चाची ६०:४० वाटणी कशी ठेवावी?
४. दुसऱ्या पालकाने ॲप घेतलंच नाही तर?

तिथीवार

पहिल्या प्रश्नाचंच उत्तर देतो, कारण अशी ॲप्स तिथेच आपटतात.

"पहिला-तिसरा" आणि "एक आड एक" हे दोन वेगळे नियम आहेत. ऑगस्ट २०२६ मध्ये पाच शनिवार आहेत: १, ८, १५, २२, २९. पहिला-तिसरा धरला तर मूल १ आणि १५ ऑगस्टला जाईल आणि त्यानंतर थेट ५ सप्टेंबरला, म्हणजे मध्ये तीन आठवडे. एक आड एक धरला तर १, १५, २९ आणि मग १२ सप्टेंबर. तुमच्या ॲपने पहिल्याऐवजी दुसरा नियम लावला तर २९ ऑगस्टला एक पालक दाराशी उभा असेल आणि दुसरा मुलाला घेऊन गावी गेलेला असेल. दोघांच्याही फोनवर "पुरावा" तयार!

दुसरी खोच शनिवार-रविवारच्या जोडीची. कॅलेंडरच्या पुनरावृत्ती-नियमात "पहिला शनिवार" आणि "पहिला रविवार" असे दोन नियम टाकू नका. १ नोव्हेंबर २०२६ ला रविवार आहे. त्या महिन्याचा पहिला रविवार १ तारखेला आणि पहिला शनिवार ७ तारखेला, म्हणजे जोडी फुटली. नियम फक्त शनिवारी सकाळी १० वाजता सुरू करा आणि कालावधी द्या: रविवारी रात्री ८ पर्यंत म्हणजे ३४ तास.

आता ७ नोव्हेंबरचाच शनिवार-रविवार बघा. ८ तारखेला लक्ष्मीपूजन आहे. पहिला शनिवार म्हणून मूल बाबांकडे, की यंदाची दिवाळी आईची म्हणून आईकडे? म्हणून वेळापत्रक थरांत ठेवा. सगळ्यात खाली नेहमीचे शनिवार-रविवार, त्यावर शाळेच्या सुट्ट्या, त्यावर सण आणि वाढदिवस, सगळ्यात वर दोघांनी मान्य केलेली एकदाची अदलाबदल. वरचा थर खालच्याला झाकतो, पुसत नाही. स्क्रीनवर त्या दिवसाखाली "दिवाळीच्या अटीमुळे" असं कारण दिसलं पाहिजे, नाहीतर ॲप दुसऱ्याच्या बाजूचं आहे असा संशय घ्यायला वेळ लागत नाही. थरांचा क्रम मात्र आदेशानुसार बदलता यावा. झाकला गेलेला शनिवार भरून द्यायचा की नाही, हे आदेशात नसेल तर ॲपने स्वतःहून भरून देऊ नये.

सणांच्या तारखा कोडमधून काढू नका. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. २०२५ चं लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला की २१ ला, यावर पंचांगांतच मतभेद होते. वर्षाचा तक्ता माणसाने भरावा आणि दोन महिने आधी दोघांना दाखवून त्यावर होकार घ्यावा. आदेशात नुसतं "गणपतीत" असेल तर नोंद करतानाच विचारा: स्थापनेचा दिवस, दीड दिवस, पाच दिवस की अनंत चतुर्दशीपर्यंत? दिवाळीतही भाऊबीज वेगळी लिहायला जागा द्या. ती बऱ्याच आदेशांत तासांवर वाटलेली असते.

"सुट्टीचा अर्धा भाग" शाळेच्या परिपत्रकावरून मोजा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. सुट्टी ४५ दिवसांची असेल तर अर्धा भाग साडेबावीस दिवसांचा. मधल्या दिवशी दुपारी किती वाजता मुलाचं हस्तांतर, हे विचारूनच पुढे जाऊ द्या.

एक पालक परदेशात असेल तर पुढच्या व्हिडिओ कॉलची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवू नका. स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव अशी जोडी ठेवा, आणि घड्याळ मूल जिथे राहतं तिथलं. संध्याकाळी ७.३० चा कॉल न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी १० ला येतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ मागे गेलं की ९ ला.

दुय्यम निबंधक

प्रश्न २ बद्दल. "कोर्टात १०० टक्के चालेल" अशी जाहिरात करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब च्या जागी आता कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत: भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश मूल्य (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा; एक अक्षर बदललं तरी तो बदलतो) आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं हे लिहावं लागतं. तेव्हा पीडीएफसोबत एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेलं हॅश मूल्य, फाइल तयार झाल्याची वेळ आणि भाग अ मध्ये लागणारी माहिती तयार द्या. सही पक्षकार करेल, तुम्ही नाही.

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ मुळे कौटुंबिक न्यायालय पुराव्याच्या काटेकोर नियमांत न बसणारी कागदपत्रंही पाहू शकतं. पण प्रकरण वरच्या न्यायालयात किंवा फौजदारी बाजूला गेलं की तुम्हाला प्रमाणपत्राची आठवण होणारच.

ॲपमधली अदलाबदल म्हणजे आदेशातला बदल नव्हे. कायमचा बदल हवा असेल तर नव्या कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य केलेल्या अटी) न्यायालयात दाखल कराव्या लागतात. सलग तीन महिने तीच अदलाबदल झाली तर ॲपने नियम आपोआप बदलायचा नाही. पडद्यावर आदेशाचा परिच्छेद क्रमांक दाखवता आला तर उत्तम.

रोजच्या कॉललाही स्वतंत्र जागा द्या. सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात (२०२०) भेटीच्या हक्कासोबत संपर्काच्या हक्काचा विचार केला आहे. ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यावं, असं त्यात म्हटलं आहे. कॉल रेकॉर्ड करू नका. लागला, उचलला, किती मिनिटं चालला, एवढी नोंद पुरे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. मुलाला स्वतःचं लॉगिन देणार असाल तर पालकाची पडताळता येणारी संमती लागेल, आणि मुलांवर रोखलेल्या जाहिराती तर नाहीच. मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पहिल्या आवृत्तीत मुलाला लॉगिनच देऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

काठपदर

आभार. पाचव्या शनिवारचा विचारच आराखड्यात नव्हता. चॅटमध्ये शिवराळ मजकूर ओळखणारं काही बसवावं का? आणि मुलाला लॉगिन नाही म्हणून लाइव्ह लोकेशनही काढलं, तर मूल पोचलं हे कसं कळणार?

उलटतपासणी

शिवराळपणा ओळखणाऱ्या यंत्रावर पैसे घालवू नका. "वा! आज चक्क वेळेवर आलात की" यात एकही वाईट शब्द नाही, आणि भांडण तर इथूनच पेटतं. त्यात निम्मे लोक रोमन लिपीत मराठी टंकतात. त्यापेक्षा पाठवलेला निरोप दहा मिनिटं रोखून धरा. तेवढ्यात बदलता किंवा काढून टाकता येईल, एकदा गेला की दोन्ही बंद. तातडीचा निरोप (आजारपण, उशीर) लगेच जाईल, पण त्यात मजकूर टंकायचा नाही, तयार पर्यायांतून निवडायचा.

प्रत्येक निरोप विषयाखाली असावा: शाळा, दवाखाना, हस्तांतर, खर्च. वेळ सर्व्हरची, फोनचं घड्याळ कुणीही मागे करतं. "पोचला" आणि "उघडला" या दोन वेळा वेगळ्या ठेवा. नोटिफिकेशनमध्ये पूर्ण मजकूर दाखवलात तर वाचूनही "उघडला" लागत नाही, आणि लॉक स्क्रीनवर घरातल्या बाकीच्यांनाही दिसतो. तिथे फक्त "नवा निरोप, विषय: शाळा" एवढंच.

नोंदींच्या तक्त्यात फक्त भर घालता यावी. प्रत्येक ओळीत मागच्या ओळीचा हॅश. आठवड्यातून एकदा शेवटचा हॅश दोघांनाही ईमेलने पाठवा, म्हणजे तुमच्या कंपनीतल्या कुणी आत हात घातला तरी उघडं पडेल. एक बारीक काटा: "ऱ" हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता असं दोन संकेतांनीही. निरोप आत येतानाच त्याचं एक प्रमाण रूप करा आणि हॅश त्यानंतर काढा. क्रम उलटा झाला तर "दुसऱ्या" या एका शब्दापायी साखळी तुटल्याचा खोटा इशारा येईल.

लाइव्ह लोकेशन काढाच. मुलाचा फोन आईच्या घरी असतो, म्हणजे तुम्ही मुलाच्या नावाखाली आईचं घर दाखवताय. त्याऐवजी हस्तांतराच्या ठरलेल्या वेळेच्या आधी-नंतर एक तास "मूल सोडलं" आणि "मूल घेतलं" अशी दोन बटणं उघडा. दाबलं त्या क्षणी एकदाच जागा घ्या आणि दुसऱ्याला अक्षांश-रेखांश न दाखवता फक्त "ठरलेल्या ठिकाणी, १०.०७" असं दाखवा. ठरलेल्या ठिकाणाभोवती ग्राह्य धरायचं वर्तुळ १०० ते १५० मीटरचं ठेवा. मॉलमध्ये किंवा उंच इमारतींच्या गल्लीत जीपीएस सरकतं आणि खरा माणूस खोटा ठरतो.

फोटोंमध्येही जागा लपलेली असते. शेअर करण्याआधी एक्झिफमधली (फोटोच्या फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या नोंदींतली) जीपीएसची माहिती काढून टाका. मूळ फाइल सर्व्हरवर वेगळी ठेवा, ती फक्त टाकणाऱ्याला मिळावी.

लॉगिनचा धोका बहुतेक टीमच्या ध्यानातच येत नाही. सिम अजून नवऱ्याच्या नावावर असतं, रिकव्हरी ईमेल लग्नात दोघांनी मिळून काढलेला असतो, जुना टॅब्लेट दुसऱ्याच घरी पडलेला असतो. पहिल्या लॉगिनलाच विचारा: हा नंबर तुमच्या एकट्याच्या ताब्यात आहे का? चालू सेशनची यादी पहिल्या पानावर द्या. नुसत्या ओटीपीवर भागवू नका, सहा अंकी पिनही असू द्या.

रोजकीर्द

खर्च. रक्कम पैशांत, पूर्णांकात; दशांश प्रकार वापरू नका. २,४९९ रुपयांचं बिल म्हणजे २,४९,९०० पैसे. ६०:४० ने १,४९९.४० आणि ९९९.६०. भाग न जाणारा पैसा कुणाकडे जाईल हे एकदाच ठरवा. ज्याने बिल भरलं त्याच्याकडे राहू देणं सोपं. गुणोत्तराला "कधीपासून लागू" तारीख हवी. आदेश बदलून ५०:५० झाला की जुनी बिलं नव्या दराने मोजली जायला नकोत.

मंजुऱ्या दोन. "कराटेचा क्लास लावायचा का?" ही खर्चाआधीची, आणि "हे बिल बरोबर आहे का?" ही नंतरची. बरेच वाद या दोन्ही एका बटणात कोंबल्यामुळे होतात. बिलावर पूर्ण मान्य, अंशतः मान्य आणि नामंजूर असे पर्याय द्या. शेवटच्या दोन्हींत कारण सक्तीचं. सात दिवस उत्तर नाही तर "उत्तर नाही" असंच लिहा. मौन म्हणजे संमती असं ॲपने ठरवायचं नाही.

मेडिक्लेमचे पैसे परत आले, शाळेने अनामत परत केली, तर मूळ बिलाला जोडलेली उणे नोंद करा. मूळ आकडा बदलू नका.

पोटगीचं खातं पूर्ण वेगळं. "फीचे पैसे पोटगीतून वळते करून घ्या" असं बटण कुणी मागितलं तरी देऊ नका. आदेशाशिवाय वळतं करणं हेच पुढे थकबाकीच्या अर्जाचं कारण होतं. पैसे ॲपमधून फिरवायचीही गरज नाही. यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक नोंदवून घ्या, पुरे.

जोडाक्षर

छोटीशी भर. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्ररी देवनागरी मोडतात: "क्ष" फुटतो, वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते. सर्व्हरवर क्रोमियममधून (क्रोम ज्यावर बांधलाय तो ब्राउझर) छापा आणि नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करा. चाचणीसाठी "निर्वाहभत्त्याच्या प्रतिज्ञापत्रातील ऱ्हस्व" एवढं छापून बघा. इमोजीचा फॉन्टही लागेल, नाहीतर पानभर चौकोन दिसतील.

उलटतपासणी

प्रश्न ४ राहिला होता. दुसरा पालक येणार नाही असं धरूनच बांधा. एकट्याने वापरलं तरी वेळापत्रक, हस्तांतराच्या नोंदी आणि बिलं चालली पाहिजेत. दुसऱ्याला विनंती एसएमएस किंवा ईमेलच्या दुव्याने जावी आणि ॲप न घेता "मान्य / अमान्य" म्हणता यावं. दुव्याची मुदत ७२ तास, एकदाच वापरता येणारा, उघडताना ओटीपी. पीडीएफमध्ये अशा नोंदींपुढे "एकतर्फी" ठळक छापा.

डेटाचा मुळाशी असलेला घटक "जोडपं" नको, "मूल" हवं. एकाच बाईला पहिल्या लग्नातला एक मुलगा आणि दुसऱ्यातली एक मुलगी असू शकते. पहिल्या नवऱ्याला मुलीचं नावसुद्धा दिसता कामा नये. शाळेतून आणायला जाणाऱ्या आजी-आजोबांना त्या मुलापुरतं, फक्त बघण्यापुरतं आणि शेवटची तारीख घातलेलं खातं द्या.

खातं काढून टाकण्याची सोय ॲपमध्येच हवी, ॲपलने ती ३० जून २०२२ पासून सक्तीची केली आहे आणि प्ले स्टोअरही मागतं. पण एकाने खातं काढलं म्हणून दुसऱ्याला आलेले निरोप जाऊ नयेत. प्रोफाइल, पिन, डिव्हाइसची माहिती पुसा. पोचलेले निरोप घेणाऱ्याच्या प्रतीत राहतील, हे नोंदणीच्या पानावर साध्या मराठीत लिहा, अटी-शर्तींच्या चौदाव्या परिच्छेदात नको.