नवरा-बायकोच्या भांडणावर खान्देशी विनोदी कादंबरी: बांधणी कशी करावी?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. मिसिसिपी, जॉर्जिया, अलाबामा या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या विनोदी कादंबऱ्यांत बिनसतं दोघांचं, पण निस्तरायला अख्खं गणगोत आणि चर्चची मंडळी धावतात. उकाडा, घरापुढचा ओटा, मयताच्या घरी शेजाऱ्यांकडून येणारं जेवण, सगळंच त्या भांडणात ओढलं जातं. असंच काही अमळनेर-पारोळा भागात घडवायचं आहे. लग्नाला सात वर्षं झालेलं जोडपं, कापसाची शेती, एकत्र घर. साधारण ६०,००० शब्द. अडचणी तीन: भांडण पहिल्या ५० पानांतच विझतं. अहिराणी संवाद पुण्या-कोल्हापूरच्या वाचकाला झेपतील का? आणि घटस्फोटाचा अर्ज नेमका कुठे आणावा?

वैशाखवणवा
भाऊ, तुमचं भांडण स्वभावावर उभं असणार, म्हणून विझतं. 'तो हट्टी, ती तापट' हे दोन पानांत सांगून होतं. भांडण एखाद्या वस्तूवर उभं करा, आणि ती वस्तू रोज हाताळावी लागणारी हवी. पाण्याची मोटर घ्या. नळाला पाणी चार दिवसांनी येतं, तासभर टिकतं. आधी टाकी भरायची की गुरांचा हौद, एवढाच वाद. आता तोच प्रसंग एक पान तिच्या तोंडून आणि एक पान त्याच्या तोंडून लिहून बघा. दोन्ही वेळा वाचणाऱ्याला 'बरोबर आहे की' वाटलं पाहिजे. एकाच बाजूने वाटलं तर वाद बदला, कारण ज्याचं चुकलंय हे आधीच ठरलंय त्याच्यावर पुस्तकभर हसता येत नाही.

काळाची चौकट आपल्याकडे तयार आहे: आखाजी (अक्षय्य तृतीया) ते कानबाई (श्रावणातला देवीचा सण). वैशाखातल्या आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतातच, त्यामुळे ती रुसून आली आहे हे पहिले आठ-दहा दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. झोके उतरतात, बाकीच्या पोरी सासरी परततात, ही मात्र जात नाही. पेरणीला हात कमी पडतात तेव्हा सासरची अडचण उघडी पडते. शेवटी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. परगावचे भाऊबंद घरात, नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य मोजलं जातंय, आणि तेव्हा सून कुठे आहे हे लपवायला जागा उरत नाही. तीन-सव्वातीन महिन्यांची ही कथा २४ प्रकरणांत, प्रत्येकी अडीच हजार शब्दांत, आरामात बसते.

त्या कादंबऱ्यांतला ओटा जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे बातमी फिरते ती बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) पहाटेला. ज्वारीचा घाटा रात्रीपासूनच्या तयारीने शिजलेला असतो, तो गरम आहे तोवर ओल्या फडक्यावर थापावा लागतो आणि ऊन चढायच्या आत गच्ची भरावी लागते. म्हणजे पाच-सहा बायका हात घाट्यात बुडवून बसल्यात, विषय आपल्याच सुनेचा निघालाय, आणि उठून जाता येत नाही. हा प्रसंग सावकाश लिहा, घाईने उरकू नका. मे महिन्यातली रात्रही अशीच कामाची: सगळी गल्ली गच्चीवर झोपते, त्यामुळे दोघांना भांडायचं तर कुजबुजून, आणि चौथ्या गच्चीवरचा माणूस कूस बदलायचा थांबतो.

एक चूक हमखास होते: मे महिन्यात भरिताची पार्टी. भरिताची वांगी आणि पार्ट्या हिवाळ्यातल्या. खान्देशी वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

आक्का धुळे
बोलीबद्दल सांगते. निवेदन साध्या मराठीत ठेवा, संवाद पूर्ण अहिराणीत. अर्धं-अर्धं केलं की पात्र नाटकातल्या गड्यासारखं बोलायला लागतं. क्रियापदं मात्र अचूक हवीत: 'मी जास', 'तू काय करी ऱ्हायनी', 'जेवण व्हयनं का'. वाक्य छोटं आणि हातातल्या कामाशी बांधलेलं असलं की बाहेरच्या वाचकाचं अडत नाही. 'तुन्ही मायले सांग, मोटर मी चालू करस' हे कोल्हापुरातही कळतं, कारण तो मोटरीजवळ उभा आहे. शब्दार्थांची यादी मागे देऊ नका. अवघड शब्द आला तर पुढच्या वाक्यात दुसऱ्या पात्राला त्यावर काहीतरी करू द्या.

सून रावेर-यावलकडची असेल तर तिची बोली लेवा गणबोलीच्या वळणाची होईल आणि घरात दोन बोली नांदतील. ते फार चांगलं, पण दोन्ही कानात पक्क्या असतील तरच. आणि बोलीवर विनोद कधी करू नये. हसू यावं ते माणूस बोलून काय साधू बघतंय त्यावर. अहिराणी बोलणारा पात्रांत सगळ्यात हुशार असेल तर उत्तमच.

तारीख पे तारीख
अर्जाचं गणित नीट मांडा, इथे बरेच लेखक घसरतात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. परस्पर संमतीचा घटस्फोट कलम १३-ब खाली. त्याआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या टप्प्याला ६ ते १८ महिन्यांची मुदत. हे सहा महिने योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. म्हणजे आखाजी ते कानबाई एवढ्यात घटस्फोट होतच नाही. त्या चौकटीत बसतो तो कलम ९ चा अर्ज, 'नांदायला पाठवा' म्हणून. नवऱ्याने रागाच्या भरात तो टाकला आणि नोटीस माहेरी पोचली तेव्हा तिकडे बिबडे वाळत होते, अशी जागा मला सहाव्या-सातव्या प्रकरणात दिसते.

दुसरी वाट त्याहून गमतीची. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की 'वेगळं राहणं' म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी चालतं. मग एकत्र घरात दोन चुली, दोन दुधाचे रतीब, आणि मोटर एकच! वर्षभर ते 'वेगळे' राहतात आणि सासू दोन्हीकडे जेवते. पण त्यासाठी कथा वर्षभराची करावी लागेल, आखाजी ते आखाजी.

गिरणाकाठ
वर्षभराची चौकट घेतो. मधे पडणारी माणसं किती ठेवावीत?

वैशाखवणवा
पाच. सहावा आला की वाचक नावं विसरतो. प्रत्येकाचा स्वतःचा स्वार्थ ठरवा: सोयरीक जमवणाऱ्याला आपलं नाव राखायचंय, मामाला बांधाचा जुना वाद मिटवायचाय, नणंदेला माहेरची खोली मोकळी हवी आहे. एक वही करा. तारीख, कुणी कुणाला सांगितलं, काय गाळलं, काय जोडलं. ही वही नसेल तर शंभराव्या पानावर एखाद्याला न ऐकलेली गोष्ट माहीत असते आणि सगळी गंमत सांडते.

आक्का धुळे
आणि भाऊ, हात उचलणं किंवा हुंड्याचा तगादा कुठेही आणू नका. ते आलं की त्यापुढच्या कुठल्याच पानावर वाचकाने हसू नये, आणि तो हसणारही नाही. दोघं समेटाला आजारपणामुळे येतात हेही टाळा. मोटर जळू द्या, दुरुस्तीला दोघांनी धुळ्याला जावं, एसटीत एकच सीट मोकळी असावी.