बॅश फंक्शनमधून ३०० रिटर्न केले की ४४ का येतात?

प्रश्न: बॅशमध्ये (कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) फाइलमधल्या ओळी मोजणारं फंक्शन लिहिलंय. शेवटी आकडा रिटर्न करतो आणि $? (आधीच्या कमांडचा निकाल) मधून वाचतो. २०० ओळींना बरोबर येतं, ३०० ओळींना मात्र ४४. चूक कुठे आहे?

उत्तर १: रिटर्न फक्त काम झालं की फसलं एवढंच सांगतो: ० म्हणजे यश, बाकी सगळं अपयश. ही किंमत ० ते २५५ मध्येच बसते. ३०० मधून २५६ गेले, उरले ४४. आकडा एकोने (echo) छापा आणि फंक्शन $( ) मध्ये बोलवा, म्हणजे छापलेलं हाती येतं. पण मग आतले ‘मोजतोय’ वगैरे संदेशही आकड्यात मिसळतील. त्यांना >&2 लावा, म्हणजे ते एरर आउटपुटकडे जातील.

उत्तर २: लोकल (local, फंक्शनपुरतं व्हेरिएबल जाहीर करणारी कमांड) आणि $( ) एकाच ओळीत लिहू नका. $? मध्ये लोकलचं यश दिसतं, आतली कमांड फसल्याचं कळतच नाही. आधी व्हेरिएबल जाहीर करा, किंमत पुढच्या ओळीत भरा. आणि "$1" ला (फंक्शनला दिलेल्या पहिल्या किमतीला, इथे फाइलच्या नावाला) अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर नावात स्पेस असलेल्या फाइलचे तुकडे पडतात.

प्रश्नकर्ता: आकडा बरोबर आला. फंक्शन स्क्रिप्टच्या तळाशी हलवलं तर ‘कमांड सापडली नाही’ येतं.

उत्तर १: शेल वरून खाली वाचत जातो. व्याख्या वापराच्या आधी हवी.