सिलेक्ट करणे : निवडणे, वेचणे की हेरणे?

कंसातला_कंस
पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी जावास्क्रिप्टच्या टिपा मराठीत लिहितोय. वेबपानावरचा घटक (परिच्छेद, बटण, चित्र) शोधून देणाऱ्या 'क्वेरीसिलेक्टर' या फंक्शनपाशी गाडी अडली. मी लिहिलं होतं, "पानावरचा जुळणारा पहिला घटक निवडतो." तपासणाऱ्या बाईंनी 'निवडतो' खोडून 'चयन करतो' केलं. मला ते हिंदी वाटलं, म्हणून डिप्लोमाला असलेल्या भाचीला दोन्ही वाचायला दिली. 'चयन' तिला कळलंच नाही. 'निवडतो'वर म्हणाली, "मामा, निवडून बाजूला काढला तर तो पानावर उरतो कसा?" शब्द सुचवा. 'सिलेक्ट करतो' नको, तो मलाही सुचलाय.

मेथीची_जुडी
भाची हुशार आहे. तांदूळ निवडताना हातात येतो तो खडा, आणि तो टाकायचा असतो. मेथी निवडताना हातात येतं ते पान, ते ठेवायचं. तरी 'खडे निवडत्येय' आणि 'तांदूळ निवडत्येय' दोन्ही चालतं! निवडणुकीत यातलं नेमकं काय होतं ते जाणकारांनी सांगावं.

जुना_पाटा
'वेचणे' घ्या की. फुलं वेचतात, कापूस वेचतात, झाड जागच्या जागी. शिवाय 'वेच' म्हणजे खर्चही. तुकोबांचं 'उदास विचारें वेच करी' आठवा. वेचलेलं शेवटी खर्चायचंच असतं, म्हणून माझ्या मते शब्द मुळात एकच.

पऱ्हाटी
पाटेकाका, खर्चाचा वेच 'व्यय'वरून आला असणार, फुलांच्या वेचण्याशी त्याचं नातं लावू नका. आणि कापूस वेचल्यावर बोंडात काय उरतं ते आमच्या यवतमाळला येऊन बघा. भाचीचा प्रश्न तिथंच राहिला.

टिंब_टिंब
मुळात ते फंक्शन काही काढतही नाही, हलवतही नाही. जुळणारा पहिला घटक कुठे आहे ते सांगतं, नसेल तर 'नल', म्हणजे 'काही नाही', देतं. पहिला म्हणजे कोडमध्ये आधी येणारा. डोळ्याला वर दिसणारा कदाचित दुसराच असेल, पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसने क्रम बदलता येतो. म्हणून मी 'हेरणे' म्हणेन. हेरलेला माणूस जागेवरच असतो, त्याला पत्ताही नसतो.
'क्वेरीसिलेक्टरऑल'ने मिळणारी सगळ्या जुळणाऱ्या घटकांची यादी म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो. नंतर आलेला मामा त्यात नाही. क्लासवरून, म्हणजे घटकांना दिलेल्या गटाच्या नावावरून, शोधणाऱ्या 'गेटएलिमेंट्सबायक्लासनेम'ची यादी मात्र जिवंत, मामा मांडवात शिरला की यादीतही शिरला. त्या यादीवर लूप फिरवत एकेक घटक काढून टाकला की मधले सुटतात. माझी एक रात्र त्यात गेलीय.

जुना_पाटा
हेरतात ते सावज. मुलांना काय शिकारीला पाठवायचंय?

डॉलरवाला
जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी २००६ साली आली, तिच्यात घटक डॉलरच्या चिन्हाने शोधतात. मी दोन वर्षांनी शिकलो, तेव्हापासून आमच्यात 'डॉलरने उचल' म्हणतात. आता हिंजवडीत नवीन पोरं म्हणतात, "तो डिव्ह पकड, क्लासने नको, आयडीने पकड." (डिव्ह म्हणजे पानावरचा एक कप्पा, आयडी म्हणजे त्याचं एकट्याचं नाव.) शब्द कधीच तयार आहे: पकडणे. समिती बसवायची गरज नाही. मुलाखतीत 'घटक हेरतो' म्हणणाऱ्या पोराला कोण घेणार?

मेथीची_जुडी
हिंजवडीत म्हणतात म्हणून ते मराठी झालं का?

डॉलरवाला
पकडणे मराठी नाही? ताई, लपाछपी खेळताना काय म्हणायचात?

कंसातला_कंस
'पकडणे' वाईट नाही. पण पुढचा धडा 'इव्हेंट (क्लिकसारखी घटना) पकडणे' आहे, तिथे घोळ होईल.

टिंब_टिंब
सगळ्याच शब्दांवर रडायला नको. 'सिब्लिंग'ला, म्हणजे एकाच घटकाच्या पोटातल्या शेजारच्या घटकाला, 'भावंड' किती चपखल बसतं, भाऊ की बहीण विचारायचीच गरज नाही. 'नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग' म्हणजे सरळ 'पाठचं भावंड'. हे आजीलासुद्धा कळेल.

पऱ्हाटी
वा! मग 'प्रीव्हियस'वालं? थोरलं म्हणाल तर दोन नंबर वरचंही थोरलंच.

टिंब_टिंब
लागून थोरलं. मान्य, जमलं नाही.

अनुस्वार
विषय निघालाच आहे तर. क्लासचं नाव देवनागरीत दिलं तरी चालतं. '.ठळक' लिहा, सापडतं. आयडीची सुरुवात इंग्रजी आकड्याने असेल तर हॅश (#) लावून शोधताना एरर येते, मराठी १ ने असेल तर येत नाही! पण मी एका क्लासला 'दुसऱ्या' नाव दिलं आणि अर्धा दिवस 'नल' बघत बसलो. त्यातला अर्धा र एका कळफलकावर नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, दुसऱ्यावर साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्याला तेच अक्षर, ब्राउझरला वेगळं. तेव्हा आधी र चा निकाल लावा, मग क्रियापदाचा.

जुना_पाटा
म्हणूनच म्हणतो, नावं इंग्रजी ठेवा आणि क्रियापदं शुद्ध ठेवा.

डॉलरवाला
शुद्ध म्हणजे 'चयन'?

जुना_पाटा
चयन संस्कृत आहे, हिंदी नव्हे.

डॉलरवाला
मग भाचीला का कळलं नाही?

पऱ्हाटी
मेथीताई, एक राहिलंच. आमच्याकडे भाजी निवडत नाहीत, 'निसतात'. गहूही निसतात. बाजूला काढलेलं ठेवायचं की टाकायचं, हा प्रश्न तरी तसाच.

मेथीची_जुडी
निसणे! माझी नांदेडची मावशी म्हणायची. मी इतकी वर्षं समजत होते की ती 'निवडणे' चुकीचं बोलते. 'निसणे' अजून कुठे कुठे म्हणतात?

कंसातला_कंस
टिपा सोमवारी द्यायच्यात हो.

अनुस्वार
जळगावला ऐकलंय. पण तिथे फक्त पालेभाजीला.