स्कॉटलंडमध्ये ऑपरेशनची रांग लांबली तर जाब कोणाला विचारायचा, एडिनबराला की लंडनला?

एबर्डीनकर: 2007 पासून एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी) सत्तेत आहे, आरोग्य खातं पूर्णपणे एडिनबरातल्या स्कॉटलंडच्या संसदेकडे, तरी रांगांचा विषय काढला की बोट लंडनच्या ब्रिटिश सरकारकडे! 2011 मध्ये यांनीच पेशंट राइट्स कायदा केला, उपचार ठरले की 12 आठवड्यांत ऑपरेशनची गॅरंटी. आणि त्याच कायद्यात पुढे लिहून ठेवलंय की गॅरंटी मोडली तरी भरपाई मागता येणार नाही. खुब्याच्या ऑपरेशनसाठी लोक वर्ष वर्ष थांबतात आणि हातात काय, तर दिलगिरीचं पत्र.

ग्लासगोची मावशी: मी एनएचएसमध्येच, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतच आहे म्हणून सांगते, एवढं सोपं नाहीये ते. बराचसा पैसा बार्नेट फॉर्म्युल्यातून येतो, म्हणजे इंग्लंडमध्ये खर्च किती वाढला त्यावर आपला वाटा ठरतो, कर्ज काढायलाही मर्यादा. शिवाय रोज दोनएक हजार खाटांवर अशी म्हातारी माणसं असतात जी घरी जाऊ शकतात पण घरी बघायला केअरर नाही. खाट रिकामी नाही तर ऑपरेशन कुठे करणार? आणि रांगा काय इंग्लंडात नाहीत?

हिशेबनीस: मावशी, बार्नेटमुळे स्कॉटलंडला माणशी इंग्लंडपेक्षा जास्तच मिळतात, वर इन्कम टॅक्स स्वतः ठरवायचा अधिकार आहे आणि चांगल्या पगारवाल्यांकडून इंग्लंडपेक्षा जास्त घेतातही. मग जातात कुठे? सरकारी दोन फेरीबोटी 2015 मध्ये 97 मिलियन पौंडांत ठरल्या, पहिलीचं जलावतरण 2017 ला झालं तेव्हा खिडक्या चक्क खोट्या, रंगाने काढलेल्या होत्या, प्रवासी चढले जानेवारी 2025 ला, खर्च चौपटीच्या वर. नॅशनल केअर सर्व्हिस, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल देशभर एका छत्राखाली आणायची योजना, तिच्यावर मिलियन्स घालून तीही त्याच महिन्यात गुंडाळली. आणि ऑपरेशनसाठीची नवी सेंटर्स? 2024 मध्ये पैसे नाहीत म्हणून थांबवली.

ग्लासगोची मावशी: बोटी हा घोळच झाला, त्यावर वाद नाही. पण बोटीचे पैसे वाचले असते तर भूलतज्ज्ञ कुठून आणले असते? पगार दरवर्षी द्यावा लागतो हो.

पुण्याचा पेठी: मधेच बोलतो. आपल्याकडे महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखला मुदतीत दिला नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. दंड किती जणांना होतो ते विचारू नका 😀 पण निदान कायद्यात दात तरी आहेत. तिकडे तेही नाहीत?

ग्लासगोची मावशी: अहो, दंड लावला की काय होतं ते इथे दंडाशिवायच बघून झालंय. एडिनबराकडच्या एनएचएस लोदियन या आरोग्य बोर्डात 2011 च्या सुमारास पेशंटला ऐनवेळी इंग्लंडमधली तारीख द्यायचे, तो नाही म्हणाला की 'उपलब्ध नाही' अशी नोंद, झाली रांग छोटी! नुसत्या टार्गेटच्या धाकाने एवढं, तर दंडाच्या धाकाने काय करतील.

एबर्डीनकर: बघा, हेच तर म्हणतोय मी. खालच्या क्लार्कला आणि बोर्डाला धाक, आणि गॅरंटी देणारा मंत्री मोकळा. ती भरपाई न देण्याची ओळ लंडनने नाही घातली, एडिनबरानेच घातली. ती काढा, मग बार्नेटचं रडगाणं ऐकतो.

ग्लासगोची मावशी: काढा की. पण भरपाई जाणार कुठून? वॉर्डाच्याच बजेटमधून ना?

हिशेबनीस: मंत्र्याच्या ऑफिसच्या बजेटमधून द्या, मी तयार आहे 😏