दूध सोडलं तेव्हा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

तीन वर्षं झाली, दूध, दही, तूप, अंडी, मटण, मध यातलं काहीच मी घेत नाही. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी काढला. आमच्या गल्लीत अजून "कुंदाबी चालत नाही?" असंच विचारतात; कुंदा म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई. प्रथिनांचं विचारलं तर उत्तर देता येतं. आत्याने हातावर ठेवलेला कुंदा परत करणं जमत नव्हतं. दूध आटवत, तपकिरी होईपर्यंत परतत तिची अर्धी दुपार त्या कढईपाशी गेलेली असते. पहिल्यांदा "नको" म्हटलं तेव्हा तिने डबा झाकला, बोलली काहीच नाही. म्हणून हा धागा. सोडलेल्यांनी, न सोडलेल्यांनी, सोडून परत धरलेल्यांनीही लिहा.

खानापूर तालुका
दारात दोन म्हशी आहेत. "आम्ही कुठं मारतो, दूधच काढतो की" हे मीच शंभरदा म्हटलंय. म्हैस दहा महिने गाभण राहते, व्याली की दूध. पारडी झाली तर घरात आनंद, नर रेडकू झालं तर सगळे गप्प. त्याला पान्हा फुटेपर्यंत पाजायचं, मग दावं ओढून खुंट्याला बांधायचं. गेल्या पावसाळ्यात एक रेडकू बारीक होत होत गेलं. म्हैस दोन दिवस गोठ्याच्या दाराकडे तोंड करून ओरडत होती. सासूबाईंनी आंबोण ठेवलं, तिने हुंगलंसुद्धा नाही. तेव्हापासून मी दूध पीत नाही. धार अजून मीच काढते, मुलांची फी त्यावरच जाते. कुणी ढोंगी म्हटलं तर म्हणू दे.

चिकोडीकडून
ताईंचं वाचून बराच वेळ काही सुचेना. माझंही सांगतो. उसाचं बिल येईल तेव्हा येतं, दुधाचे पैसे मात्र ठरल्या दिवशी हातात पडतात. शेणखत नसेल तर रान कडक होतं. मी म्हशी सोडणार नाही. यंदा रेडकांसाठी एक सड मात्र पूर्ण सोडलाय, धार काढतच नाही त्याची.

निपाणी, निवृत्त शिक्षिका
दीड वर्षात पायाला मुंग्या यायला लागल्या, तपासलं तर बी-१२ फार कमी. भाजीपाल्यातून ते भरवशाने मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगते. कॅल्शियमचं म्हणाल तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२०च्या आसपास.

संकेश्वर
आमच्यात घरचे म्हणाले, "मग खाणार काय?" त्याच ताटात जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी आणि झुणका होता! आईने फक्त दह्याची वाटी बाजूला केली. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गेलो तेव्हा नैवेद्याची पुरणपोळी मी कोरडीच घेतली, तूप घेतलं नाही. देवीला चालेल की नाही, हे ठरवायला आई मात्र अख्खा दिवस घुटमळली.

धागा काढणारी
"झाडांना जीव नाही का?" असं तिघांनी विचारलंय. आहेच. पण म्हैस दूध देईपर्यंत कितीतरी भारे कडबा आणि हिरवा चारा खाते, म्हणजे दुधामागे झाडंही जास्तच जातात.

चहाचं विचारणाऱ्यांसाठी: मूठभर शेंगदाणे रात्री भिजवायचे, सालं काढून वाटायचे, फडक्यातून गाळायचं. चहा उतरवल्यावरच घालायचं, सोबत उकळायचं नाही. आत्याने परवा हा चहा प्यायला, "वेलदोडा जास्त घाल" म्हणाली. आता तिचाच एक प्रश्न आहे: गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई, तुपाशिवाय कुणी केलंय का? शेंगतेलात डिंक नीट फुलतो का?