मदत हवी: महिन्याला 330 युनिट, आधी काय बदलावं? (राजारामपुरी, कोल्हापूर)

नववी_गल्ली

दुमजली घर, माणसं पाच, एसी नाही. महावितरणचं बिल 330 युनिटच्या आसपास येतं. घरामुळे होणारं कार्बन उत्सर्जन खरोखर कमी व्हावं म्हणून जुनी उपकरणं बदलायची आहेत. एकदम सगळं परवडणार नाही, म्हणून क्रम ठरवायचाय.

पंखे सहा, जुने, 75 वॉटचे. तीन मिळून दिवसाला 36 तास फिरतात, उरलेले तीन मिळून जेमतेम 7 तास. फ्रिज 250 लिटरचा, 2009 चा, आतला थंडावा देणारा गॅस आर-134ए. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर 48 तासांत 3.8 युनिट दाखवले. गिझर 25 लिटर, 2 किलोवॉट. सकाळी पाच बादल्या. चोकच्या ट्यूब चार, रोज पाच तास. पाण्याची मोटर 1 एचपी. स्वयंपाक गॅसवर.

विचारायचंय ते असं. फाइव्ह स्टार गिझर घ्यावा की सोलर? गॅस सोडून इंडक्शनवर गेलं तर हवामानाला फायदा होतो का? जुना फ्रिज एक्स्चेंजमध्ये द्यावा का? आणि 300 ओलांडले की सगळेच युनिट महाग पडतात म्हणतात, ते खरं का?

चोक_स्टार्टर

शेवटचं आधी: खरं नाही. 101 ते 300 चा दर त्या युनिटना, 301 च्या पुढचा दर फक्त पुढच्यांना. तुमच्या 330 पैकी 30 युनिटच वरच्या दरात जातात. पण बचत होते ती वरून होते, म्हणजे पहिले वाचणारे युनिट सगळ्यात महागडे. हिशेब करताना वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा युनिटमागचा आकार) आणि 16 टक्के विद्युत शुल्कही धरा.

क्रमाचं सूत्र एकच: किती वॉट वाचतात गुणिले किती तास चालतं. त्यात तुमचे तीन पंखे पहिले. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटरचा) पूर्ण वेगात 30 वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे 45 वॉटची बचत. 36 तासांचे दिवसाला 1.62 युनिट, महिन्याला 48. उरलेल्या तीन पंख्यांत महिन्याला साडेनऊच युनिट वाचतील, ते बंद पडेपर्यंत फिरू द्या. एक पंखा साधारण अडीच ते साडेतीन हजारांत येतो.

घेताना नुसते स्टार बघू नका. खोक्यावर हवेचा आकडा असतो, घनमीटर प्रतिमिनिट. 1200 मिमी पंख्याला तो 220 च्या पुढे हवा. काही पंखे वॉट कमी दाखवतात, पण वाराच लागत नाही. मग ते कायम पाचावर चालतात आणि वर टेबल फॅन येतो.

बसवताना सर्वांत जास्त होणारी चूक रेग्युलेटरची. जुना रेग्युलेटर लाइनमध्ये तसाच ठेवला की पंख्याच्या सर्किटला तुटक वीज मिळते; पंखा गुणगुणतो, रिमोटला दाद देत नाही आणि काही महिन्यांत पीसीबी, म्हणजे ते सर्किट बोर्डच, जळतो. वायरमनला सांगून रेग्युलेटर काढून तिथं साधा स्विच किंवा थेट जोड द्या. नुसता फुलवर ठेवणं हा तात्पुरता उपाय, घरातलं कोणीतरी फिरवतंच. पीसीबीची वॉरंटी किती आणि तो सुटा मिळतो का, हे दुकानात आधी विचारा. मोटर सहसा जात नाही, जातो पीसीबीच.

ट्यूब बदलाच: चोकसकट 52 वॉटच्या जागी 20 वॉटची एलईडी पट्टी. चारांचे महिन्याला 19 युनिट वाचतात. जुन्याच पट्टीत एलईडी नळी घालणार असाल तर चोक आणि स्टार्टर दोन्ही काढून घ्या. चोक राहिला तर तो वीज खातच राहतो.

उद्यमनगर_फिटर

फ्रिजवर बोलतो. 48 तास मोजलं ते बरोबर केलं, तासाभराच्या रीडिंगला अर्थ नसतो. कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, मधेच डीफ्रॉस्टचा हीटर लागतो.

दिवसाला 1.9 म्हणजे वर्षाला 690 च्या पुढे. नव्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. या मापाचा 200 च्या आसपासचा मिळाला तर 490 वाचतात, महिन्याला 40. पण आधी एवढं करा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर गॅस्केट गेलंय. चारी बाजूंनी तपासा, बिजागरीकडची बाजू हमखास राहते. मागे जाळी असेल तर ब्रशनं धूळ काढा, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. मग पुन्हा 48 तास मोजा. 48 तासांचं रीडिंग अडीचच्या खाली आलं तर एक-दोन वर्षं थांबायला हरकत नाही. तीनच्या वरच राहिलं तर बदला.

स्टारची अट ठरावीक काळानं कडक होते. दोन वर्षांपूर्वीचा फाइव्ह स्टार आज खालच्या पायरीवर असू शकतो. म्हणून तारे न मोजता वर्षाचे युनिट वाचा. कॉम्प्रेसर इन्व्हर्टर आणि गॅस आर-600ए बघा. आर-134ए एक किलो हवेत गेला तर 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आर-600ए चा तोच आकडा अगदी नगण्य.

मोटरचं थोडक्यात: पूर्वी 20 मिनिटांत भरणारी टाकी आता 40 घेत असेल तर फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) आणि इंपेलर (पाणी ढकलणारी आतली चकती) बघा. नवी मोटर लगेच नको.

सूर्यचूल

फाइव्ह स्टार गिझर घेऊ नका. 20 लिटरची बादली 22 अंशांवरून 40 वर न्यायला 0.42 युनिट लागतातच, कुठलाही गिझर असो. पाच बादल्यांचे 2.1, महिन्याला 63. स्टारचा फरक पडतो तो टाकीत साठून राहिलेलं पाणी किती हळू निवतं यात. तुम्ही अंघोळीआधी लावून बंद करत असाल तर वाचणारं काही उरत नाही. थर्मोस्टॅट 50-55 वर ठेवा आणि नव्या गिझरचा खर्च टाळा.

तुम्हाला सोलरच योग्य. पाच माणसांना 150 लिटर धरा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात आभाळ भरलेलं, तेव्हा जुना गिझर बॅकअपला राहू द्या. सोलरच्या टाकीत हीटर बसवलात तर पाच बादल्यांसाठी दीडशे लिटर तापवत बसाल.

बसवताना चार गोष्टी बिघडतात. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या डोक्यापेक्षा वर हवा, नाहीतर सोलरची टाकी पूर्ण भरत नाही. हवेचा पाइप थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्या आणि त्याला बूच लावू देऊ नका. वाफ अडली की टाकी फुगते. बोअरचं पाणी सोडणार असाल तर क्षार बसतो, तेव्हा शक्यतो नळाचं पाणी द्या. चौथं म्हणजे पाइप: पाऊण इंचीत मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. गच्चीवरून खालच्या न्हाणीघरापर्यंत 15 मीटर झाले तर रोज पावणेचार लिटर थंड पाणी आधी निघेल. इन्सुलेशन घाला, आणि ते पाणी दुसऱ्या बादलीत धरा.

इंडक्शनचं गणित मात्र आज उलटं आहे. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 180 युनिटची उष्णता. शेगडीत 60 टक्के भांड्याला लागली तर 108. इंडक्शन 85 टक्के धरला तर तेवढ्याच कामाला 127 युनिट. आपल्या ग्रिडच्या (देशाच्या वीजजाळ्याच्या) एका युनिटमागे 0.7 किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 90 किलो. तोच सिलिंडर जळून 43 किलोच्या आसपास. वीज कोळशावर आहे तोवर गॅसच हलका.

नववी_गल्ली

आणि छतावर सोलर पॅनेल बसवली तर इंडक्शन चालेल का?

सूर्यचूल

स्वयंपाकघरातली हवा स्वच्छ राहते, तेवढ्यासाठी घ्या. पण तुमच्या पॅनेलचा युनिट तुम्ही वापरला नाही तरी ग्रिडला जाऊन कोळशाचाच युनिट वाचवतो, त्यामुळे वरचं गणित तसंच राहतं. घेतलात तर 16 अँपिअरचं स्वतंत्र पॉइंट आणि 2.5 चौरस मिमीची वायर हवी. 2 किलोवॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, साध्या पिनेचं सॉकेट वितळतं. भाकरी फुगवायला आच लागते, म्हणून गॅसचा एक बर्नर ठेवाच.

पॅनेल मात्र शेवटी. पंखे, ट्यूब आणि फ्रिज बदलून 107 वाचले की उरतात 223. एक किलोवॉट दिवसाला साधारण 4 युनिट देतो, म्हणजे 2 किलोवॉटमध्ये भागतं. आज बसवलीत तर 3 लागतील. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 ला 78,000 अनुदान आहे. वाढीव 18,000 साठी जादा किलोवॉट घेऊ नका. सावलीविना 20 चौरस मीटर जागा पुरेल.

उद्यमनगर_फिटर

जुन्या फ्रिजचं राहिलं. एक्स्चेंजमधला चालू फ्रिज बहुतेक वेळा सेकंडहँड बाजारात जातो आणि दुसऱ्या घरात तेवढेच 1.9 युनिट खातो. वरच्या मजल्यावर पाण्याच्या बाटल्यांसाठी ठेवू असंही ठरवू नका. भंगारात दिला तर तांब्यासाठी पाइप तोडतात. 120 ग्रॅम गॅस सुटला तरी 170 किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं नुकसान, म्हणजे नव्या फ्रिजची जवळजवळ सहा महिन्यांची बचत गेली.

2022 च्या ई-कचरा नियमांनुसार जुना माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जाईल हे पाहणं उत्पादकावर बंधनकारक आहे. नवा फ्रिज घेताना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: जुना कुठल्या रिसायकलरकडे जाणार, आणि गॅस काढून घेतल्याचा कागद मिळणार का. उत्तर मिळालं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर परत नेण्याची मागणी नोंदवा आणि माणूस येईपर्यंत फ्रिज घरीच, प्लग काढून, दार थोडं उघडं ठेवून उभा ठेवा.