पिनहोल कॅमेऱ्यात चौकट आधी कशी पाहायची?

प्रश्न:
भिंगाऐवजी बारीक छिद्राचा कॅमेरा केलाय: पुठ्ठ्याची पेटी, छिद्र ०.३ मिमी, छिद्रापासून फिल्म ५० मिमी, १२० रोलवर (रुंद रोल फिल्म) ५६ × ५६ मिमीची चौकट. रोल भरण्याआधी फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर लावला, डोक्यावर काळं कापड घेतलं, तरी भर उन्हातही आभाळ तेवढं कळतं. रचना ठरवायची कशी? शिवाय फोटोचे कोपरे काळे येतात.

उत्तर १:
तुमचं छिद्र साधारण एफ/१६७ चं आहे (फिल्मपर्यंतचं अंतर भागिले छिद्राचा व्यास; आकडा मोठा तेवढा उजेड कमी), पडदा अंधाराच राहणार. पाहण्यासाठी वेगळ्या पत्र्यावर १ मिमीचं छिद्र करा, उजेड अकरापट होतो. चित्र धूसर दिसेल, पण क्षितिज, कडा आणि मोठे आकार नीट कळतात. दोन्ही पत्रे एकाच खाचेत बसवा आणि केंद्रं जुळवून घ्या, कारण छिद्र २ मिमी सरकलं तर फिल्मवरचं चित्रही जवळपास तेवढंच सरकतं. कापडाखाली डोळे सरावू द्या. चित्र खाली-वर आणि डावं-उजवं उलटं असतं, तेव्हा पेटी कुठे फिरवायची हे सुरुवातीला गोंधळात टाकतं.

उत्तर २:
रोल भरल्यावर पडद्याचा उपयोग संपतो, तिथे टाचण्याच कामाला येतात. झाकणावर छिद्राच्या बरोबर वर एक टोचा, मागे फिल्मच्या दोन्ही कडांवर एकेक. मागच्या डाव्या टाचणीमागे डोळा नेऊन ती पुढच्या टाचणीशी जुळवा. त्या रेषेत जे दिसेल ती चौकटीची उजवी कड. उजवीकडून पाहिलं की डावी. वरची-खालची हद्द कळायला पेटीच्या बाजूवरही अशाच तीन लावा.
चौकटीत मावणारा कोन सुमारे ५८ अंशांचा आहे, त्यामुळे लांबचा विषय अगदी बारीक येतो. पिनहोलमध्ये जवळचं आणि लांबचं सारख्याच स्पष्टतेने येतं, याचा फायदा घ्या. पेटी जमिनीलगत ठेवा, पुढची वस्तू वीतभर अंतरावर येऊ द्या.

उत्तर ३:
कोपऱ्यांबद्दल: किरण तिथे ३८ अंशांनी तिरके पोचतात, म्हणून मध्याच्या ३८ टक्क्यांच्या आसपासच उजेड मिळतो. एवढी सावली येणारच आणि ती शोभतेही. त्याहून काळे असतील तर पत्र्यामागच्या पुठ्ठ्याचं भोक पाहा. २ मिमी जाड पुठ्ठ्याला ते किमान ४ मिमी हवं, मी तर सरळ १० मिमी कापतो. पत्रा शीतपेयाच्या डब्याचा घ्या, छिद्राभोवती उठलेली धार बारीक पॉलिश पेपरने घासून काढा.